भिंतीवरच्या घड्याळाची पंधरा मिनिटं

नाशिकरोड
१२ ऑगस्ट २०२५

चि. लतास दादाचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. हातात फोन असताना दादा पत्रं लिहायला लावतो म्हणून तू अर्धं पान कुरकुर केली आहेस. अगं, मी दर शनिवारी टीव्हीवर लोकांना सांगतो की फोनवर आलेलं तसंच दुसऱ्याला पाठवू नका, पोस्टकार्ड घ्या, आपल्या हातानं लिहा, लिहिताना माणूस दोन मिनिटं तरी विचार करतो. मग घरच्या बहिणीनंच ऐकलं नाही तर लोक माझ्या तोंडावर हसतील.

बातमी अशी की सरकारी वाहिनीनं 'तपासून बघू'चे आणखी सव्वीस भाग मंजूर केले. निवृत्त मास्तराला सगळ्या महाराष्ट्राचा वर्ग मिळाला बघ. तुझी वहिनी मात्र माझ्या इस्त्रीला वैतागली आहे. टीव्हीत वरचा अर्धाच माणूस दिसतो, तर पँट कशाला कडक हवी, असं तिचं म्हणणं.

तुझ्या अंगणवाडीत जमून पाहणाऱ्या पंधरा बायकांचा मला फार अभिमान वाटतो, आणि त्यातही त्या राखीचा. सहाव्या भागात मी मुद्दाम एका मुलाखतीतला तुकडा कापला होता. मागच्या भिंतीवरचं घड्याळ एकदम वीस मिनिटं पुढे गेलं होतं. आमच्या युनिटातल्या लोकांनाही ते दिसलं नाही. राखीचं कार्ड आलं की सर, घड्याळानं उडी मारली. मी ते कार्ड टीव्हीवर वाचून दाखवलं. आपले चार प्रश्न तिला तोंडपाठ आहेत: कोण सांगतंय, त्यातून त्याला काय मिळणार, मधलं काय कापलंय, आणि दुसरीकडून कळतं का. अशी दहा माणसं तयार झाली तरी माझं म्हातारपण सार्थकी लागलं म्हणेन.

आता तुझ्याकडे काम. पुढच्या एका भागात खोटी बातमी कशी शिजते ते करून दाखवायचं आहे. आधी एक विश्वासाचा माणूस कॅमेऱ्यासमोर खोटं बोलणार, त्यात एक खूण लपवलेली असणार, आणि मग मी त्याच माणसाला शेजारी बसवून ते खोटं उसवून दाखवणार. बावीस वर्षांची अंगणवाडी सेविका, वस्तीतली दोन पिढ्यांची पोरं जिच्या मांडीवर वाढली, तिच्याहून विश्वासाचं माणूस मी कुठून आणू? जयंतीच्या कलापथकात तू सावकार व्हायचीस तेव्हा म्हातारे खरोखर शिव्या द्यायचे, आठवतं ना? नाही म्हणू नकोस.

वहिनीचा जयभीम. तुझी माया अशीच पोचती होऊ दे.
तुझा,
दादा


सायखेडा
२२ सप्टेंबर २०२५

ती. दादास लताचा जयभीम. वि. वि.

शनिवारी भाग बघितला. दादा, काय सांगू, वस्तीत माझा भाव लय वधारला आहे! शूटिंगला तुम्ही आलात तेव्हा मी लाजून मेले होते, पण टीव्हीवर बरी दिसले. युनिफॉर्मची साडी नीट चोपून बसली होती, एवढं माझ्या वहिनीलाही म्हणावं लागेल.

गोवराची लस या खेपेला खराब आली आहे, वरून गप्प बसायला सांगितलं आहे, असं मी टीव्हीवर म्हणाले तेव्हा सगळ्या बायका पुढं सरकून बसल्या. आणि मग मी पदर डोळ्याला लावून म्हणाले की म्हणूनच मी माझ्या नातीला दिली नाही. तिथं चिमणाबाई फसकन हसली. सुयशचं अजून लगीन नाही, नात काय सिन्नरच्या बाजारातून आणली का म्हणे. माझी खूण बरोबर सापडली. ते नातीचं वाक्य मी माझ्या मनानं घातलं होतं आणि तू कॅमेऱ्यामागून वाहवा केलीस, ते विसरू नको. अर्धं बक्षीस माझं.

राखीनं तर तू सांगायच्या आधी चारही प्रश्न लावून दाखवले. तिची तेजल आता सात महिन्यांची झाली. रांगत येऊन टीव्हीच्या काचेला तुझं नाक चाटून गेली. सगळ्या हसून बेजार. हिच्या चाटण्यानं दादाच्या नाकावरची पावडर तरी निघाली असेल असं चिमणाबाईचं मत पडलं.

तुझ्या अंजलीचा ताप उतरला का? नातीची लस ताप होता म्हणून तुम्ही पंधरा दिवस पुढं ढकलली, हे मी बायकांना सांगितलं. ताप असताना थांबायचं असतं, नंतर चुकवायची नसते, हे पटवायला उदाहरण बरं पडलं.

सुयश सिन्नरहून रविवारी येतो, एमआयडीसीत ओव्हरटाइम चालू आहे. आम्हां दोघांवर लक्ष असू दे.
तुझी,
लता


सायखेडा
३ नोव्हेंबर २०२५

ती. दादास जयभीम. वि. वि.

हे पत्र घाईनं लिहिते आहे. परवा सुयशला कंपनीच्या कँटीनमध्ये एकानं फोन दाखवला आणि विचारलं की ही तुझी आई ना. मी होते. चाळीस सेकंद. लस खराब आहे, गप्प बसायला सांगितलं आहे, नातीला दिली नाही, आणि डोळ्याला पदर. तिथंच संपतं. तू येऊन शेजारी बसतोस ते सगळं कुणीतरी कापलं आहे. वर कोपऱ्यात तुझ्या वाहिनीचं चिन्ह तसंच आहे, आणि त्याच्यामुळंच लोक म्हणतात की बाकी फोनवरचं खोटं असेल, हे सरकारी टीव्हीवर आलं होतं.

येवल्याहून, निफाडहून, कुठून कुठून फोन येतात. कुणी शाबासकी देतं, कुणी आयमायवरून. एका बाईनं तर रडत रडत माझे आभार मानले. तिला मी नाटक होतं म्हणून सांगितलं तर तिनं फोनच ठेवला.

काल लसीकरणाचा दिवस होता. नर्सबाई अकरा वाजल्यापासून लसीचा डबा घेऊन बसल्या. अकरा बाळांपैकी तिघं आली. तेजलचे नऊ महिने आता भरले, पण राखी आली नाही. मी घरी गेले तर तिची सासू म्हणाली की शेतावर गेली आहे. दारात तिची चप्पल दिसत होती.

तालुक्याच्या कार्यालयातून लेखी खुलासा मागितला आहे. खुलाशाचं मी बघून घेईन, बावीस वर्षांत एक शेरा नाही माझ्यावर. पण दादा, पोरींनी माझ्या दारावरून जाताना मान खाली घालायची, हे मला सोसत नाही. काहीतरी कर.

माया करतोस तर लवकर ये.
लता


नाशिकरोड
७ नोव्हेंबर २०२५

चि. लतास आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

अगं वेडे, घाबरतेस काय? ज्या घरात दिवा लावला तिथंच काजळी धरते, पण पुसताही तिथंच येते. मी मुंबईशी बोललो. पुढच्या शनिवारी पहिली पाच मिनिटं आपल्याला खुलाशासाठी दिली आहेत. मंगळवारी युनिट घेऊन येतो. त्याच खोलीत, त्याच खुर्चीत, त्याच साडीत बस आणि सरळ सांग की ते प्रात्यक्षिक होतं. ज्यांनी खोटं बघितलं तेच खरंही बघतील.

तुझ्या बायकांची मला मुळीच काळजी नाही. दीड वर्ष मी त्यांना दुसरं काय शिकवलं? बाकी महाराष्ट्र चुकेल, पण राखी चुकायची नाही. तिनं तर मूळ भाग पूर्ण बघितला आहे.

मंगळवारी बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा तयार ठेव. धीर सोडू नकोस, आणि माझ्यावरचा विश्वासही.
दादा


सायखेडा
१ डिसेंबर २०२५

ती. दादास जयभीम. वि. वि.

पंधरा दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. फोनवर तू विचारलंस तेव्हा बरं आहे म्हणाले, ते खोटं होतं.

खुलासा लागला त्या शनिवारी अंगणवाडीत सहा जणी आल्या. राखी होती. तेजलला मांडीवर घेऊन मागं बसली होती. पाच मिनिटं संपली, मी टीव्ही बंद केला, आणि राखी उभी राहिली. भांडायला नाही. तुझ्या वर्गात उभी राहावी तशी.

ती म्हणाली की सरांनी शिकवलं तसं मी तपासलं. कोण सांगतंय, तर सरकारी मानधन घेणारी बाई. त्यातून तिला काय मिळणार, तर तालुक्याची नोटीस आली आहे, हे म्हटल्याशिवाय तिची नोकरी राहायची नाही. दुसरीकडून कळतं का, तर तिनं येवल्याला मावशीला विचारलं, तिकडंही हेच कळलं आहे. आणि मधलं काय कापलंय, तर ताई, तुमच्या डोक्यावरचं घड्याळ अकरा दहाला आहे आणि पुढच्या वाक्याला अकरा पंचवीस.

ती पंधरा मिनिटं मी रडले होते, दादा. तुझ्यासमोर, कॅमेऱ्यासमोर, शेंबूड पुसत रडले होते. आणि तू मायेनं ते काढून टाकलंस, बहिणीची शोभा नको म्हणून. मी राखीला तसं सांगितलं. ती म्हणाली की तुम्ही रडला असतात तर दाखवलं असतं, रडणं कोण कापतं?

मी म्हटलं, अगं मला नातच नाही, तुम्हीच हसला होता. तर आता त्याचंही उत्तर तयार आहे. नात म्हणजे भावाची नात, अंजली. तिची लस सप्टेंबरात पुढं ढकलली होती, हे ताई स्वतःच बोलून गेल्या होत्या. म्हणजे पहिल्यांदा पोटातलं खरं बोलल्या, आता दाबामुळं फिरवतात. चिमणाबाई हसली नाही. तिनं मान डोलावली.

मला राखीचा राग येत नाही रे. ती अडाणी असती तर दोन शिव्या घालून दंडाला धरून आणली असती. तिनं एकही प्रश्न चुकीचा विचारला नाही आणि एकही उत्तर मनानं घातलं नाही. जाताना तेजलचा हात धरून मला टाटा करायला लावला.

तू कापलेलं परत जोडून दाखव. मला रडताना सगळ्या जगाला दाखव, माझी काही हरकत नाही. एवढंच मागते.
लता


नाशिकरोड
९ डिसेंबर २०२५

लता,

जयभीम. मायना लिहायला हात वळत नाही.

कापलेलं मिळत नाही. एडिटिंगच्या जागी दोन दिवस बसून होतो. कॅमेऱ्याचं कार्ड आठवड्यानं पुसून दुसऱ्या शूटिंगला वापरतात, तशी पद्धतच आहे. ती पंधरा मिनिटं आता कुठंच नाहीत. तो तुकडा काढ, असं मी स्वतः तिथं उभा राहून सांगितलं होतं. एडिटिंगचा मुलगा म्हणालाही होता की सर, मागं घड्याळ दिसतंय. मी म्हणालो, राहू दे, एवढं कोण बघतं.

दीड वर्ष मी लोकांना तेच तर बघायला शिकवत होतो. माझ्यासारखा गाढव मीच.

अंजलीच्या लसीच्या कार्डाची झेरॉक्स सोबत पाठवतो. ३० सप्टेंबरला दिलेल्या लसीची नोंद आणि शिक्का आहे. राखीला दाखव. सून अंजलीला घेऊन यायलाही तयार आहे. मी येऊन राखीच्या पाया पडायचं असेल तर तसं कळव.

तुझा अपराधी,
दादा


सायखेडा
१२ जानेवारी २०२६

ती. दादास जयभीम. वि. वि.

झेरॉक्स राखीला दाखवली होती. तिनं उन्हात धरून बघितली आणि परत दिली. शिक्का काय कुणीही मारतं, आणि घरच्याच माणसाचं कार्ड पुरावा कसा, असं शांतपणे म्हणाली. तुझी सून अंजलीला घेऊन आली होती, तीही दारातूनच परत गेली. पोरगी धडधाकट आहे, म्हणजे दिली नसणारच, असं राखीच्या सासूनं ठरवलं.

आता गोवर आला आहे. ऊसतोडीहून मधेच परतलेल्या एका घरात आधी निघाला, मग आठ दिवसांत सात पोरं. तीन आमच्या वस्तीची. काल तेजलच्या अंगावर दिसला. डोळे लाल, खोकला थांबत नाही. नर्सबाई आणि मी गेलो तेव्हा राखीनं दार उघडलं आणि माझ्याकडं बघितलं. या वेळी काही विचारलं नाही. मी पोरीला उचललं तर ती माझ्या मानेत तोंड घालून धापत होती, दादा. एवढा ताप की माझं पोलकं गरम झालं.

आज सकाळी सनीनं, म्हणजे राखीच्या नवऱ्यानं, कांद्याची पिकअप रिकामी करून दोघींना नाशिकला मोठ्या दवाखान्यात नेलं. मलाही जायचं होतं, पण सासू म्हणाली की तुम्ही नका येऊ. तिचं काय चुकलं?

तू जाऊन बघ. डॉक्टरांशी बोल. राखी माझ्याशी बोलायची नाही, पण तुला ती सर म्हणते. लगेच जा, पत्र वाचून संपवू पण नको. फोन लागत नव्हता म्हणून हे नाशिकला येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवते आहे.
लता


नाशिकरोड
२ फेब्रुवारी २०२६

चि. लतास जयभीम. वि. वि.

त्या दिवसाचं तुला फोनवर सांगता आलं नाही. आता लिहितो, कारण न लिहिता झोप लागत नाही.

तुझी चिठ्ठी मिळाली तसा रिक्षा करून गेलो. राखीनं मला लांबूनच ओळखलं. टीव्हीत दिसतो तसाच आहे म्हणाली. उठून उभी राहिली, पदरानं स्टूल पुसलं आणि सर बसा म्हणाली. लता, तिथं एकच स्टूल होतं. ती पोरीच्या उशाशी उभी राहिली आणि मी मास्तर म्हणून बसलो. तेजलच्या नाकाला नळी होती. न्यूमोनिया छातीत उतरला आहे, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. राखीनं विचारलं की ते काय म्हणाले. मी म्हणालो, बरं वाटेल. आयुष्यात दुसऱ्यांदा मधलं कापून सांगितलं.

चार दिवस रोज गेलो. सोळा तारखेला सकाळी गेलो तेव्हा खाट रिकामी होती आणि चादर बदलत होते.

कार्यक्रम बंद झाला आहे. म्हणजे मुंबईहून कळवलं की मार्चनंतर मुदतवाढ नाही, आणि राहिलेले भागही दाखवणार नाहीत. प्रतिसाद कमी, असं कारण दिलं आहे. शनिवारच्या त्या वेळेला आता जुन्या मालिका लावतात. मी वाद घातला नाही. लोकांना संशय शिकवणं सोपं होतं गं, विश्वास कुणावर ठेवायचा ते मला शिकवता आलं नाही, आणि आता वेळ गेली. तू नोकरीत राहा. दाराशी बायका आल्या नाहीत तरी डबा घेऊन बसत जा, एवढंच मी सांगू शकतो, आणि त्याचाही काही उपयोग होईल असं मला वाटत नाही.

कार्यक्रमाच्या पत्त्यावर आलेलं शेवटचं टपाल काल मला आणून दिलं. त्यात एक कार्ड आहे. सोबत पाठवतो आहे. मी चार वेळा उत्तर लिहायला बसलो. तुला सुचलं तर तूच तिच्या घरी जाऊन सांग.

माया आटली असेल तर तसंही कळव, मी समजून घेईन.
दादा


सायखेडा
२६ जानेवारी २०२६

प्रति, 'तपासून बघू'

माननीय सर यांना राखीचा जयभीम.

मी तुमचे सगळे भाग बघितले आहेत. वहीत चार प्रश्न लिहून ठेवले आहेत. तेजलच्या वेळी मी चारही विचारले. कुणाचं ऐकून केलं नाही. परत परत तपासलं तरी माझी उत्तरं बरोबरच येतात.

मग माझं चुकलं कुठं, तेवढं कार्यक्रमात सांगा. नाव वाचलं तरी चालेल.

मी शनिवारी टीव्ही लावून बसते.

आपली विद्यार्थिनी,
राखी